मुंबई मंडळाला खुलं पत्र: बूथचा आकडा तुम्ही लिहिता, नाव मात्र गावाचं लागतं

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष तात्या, खजिनदार आण्णा, आणि कोपरखैरणे, घणसोली, घोडपदेव, नालासोपारा जिथं जिथं आपली माणसं आहेत ते सगळे भाऊबंद, रामराम.

हे ग्रुपवर टाकणार होतो पण ग्रुपवर काय होतं ते तुम्हाला माहितीये, सकाळी टाकलं की दुपारपर्यंत चार वाढदिवस आणि एक भावपूर्ण श्रद्धांजली येते आणि आपलं खाली जातं. शिवाय मागच्या वेळी जरा विषय काढला तर ॲडमिननी "राजकारण नको" म्हणून डिलीट मारला. आणि त्याच ग्रुपवर विधानसभेच्या आधी दोन दिवस "मंडळाचा निर्णय झालेला आहे, सर्वांनी नोंद घ्यावी" असा मेसेज पिन करून ठेवलेला होता ते राजकारण नव्हतं, बरं का. म्हणून हे उघड्यावर लिहितोय. गावाचं नाव घालत नाही, पाटण तालुक्यात मोरणा खोऱ्यात मोरगिरीच्या वरच्या अंगाला एवढं पुरे. तसंही ढेबेवाडी, तारळे, चाफळ, कोयना कुठल्याही खोऱ्यातल्या माणसानं आपल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी फार फरक पडेल असं वाटत नाही.

मुद्द्यावर येतो. परवा डेअरीवर संध्याकाळच्या दुधाला गर्दी होती, फॅट लावत होतो, तेवढ्यात एक कार्यकर्ता आला. कुठल्या बाजूचा ते सोडा. मी आपलं सहज विचारलं की वरच्या वाडीच्या रस्त्याचं काय झालं, दोन पावसाळे गेले, खडी येऊन पडलीये त्यावर आता गवत उगवलंय. तर त्यानं खिशातनं मोबाईल काढला, एक पीडीएफ उघडली, बोटानं झूम केली आणि मला दाखवली. आपल्या बूथचा नंबर, पुढं आकडे. म्हणाला, "हे बघा, तुमच्या बूथवर आपण मागं. आधी हे सुधरा, मग रस्त्याचं बोला." मागं धार काढून आलेल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या, कॅन हातात. कुणी काय बोललं नाही. एक चुलती फक्त हळूच म्हणाली, "आमी तर तुमालाच दिलं की हो." आणि ती खोटं बोलत नव्हती, मला माहितीये.

मग तो आकडा कुणी लिहिला? ते विचारायला हे पत्र.

ती पीडीएफ काय असते ते आधी सांगतो कारण आपल्यातल्या अर्ध्या लोकांना माहिती नाही. नमुना २० म्हणतात त्याला, अंतिम निकालपत्रक. कुणीही डाऊनलोड करू शकतं, चोरून आणलेली वस्तू नाही. डावीकडं मतदान केंद्राचा नंबर, वर उमेदवारांची नावं, खाली प्रत्येक केंद्रावर कुणाला किती, शेवटाला नोटा, म्हणजे वरीलपैकी कुणीच नको म्हणणारी मतं. तीन लाखांच्या आसपास मतदारांचा २६१ पाटण मतदारसंघ त्या दहा-वीस पानांत मावतो. मी थंडीत बसून एकेका निवडणुकीची काढली. लई किचकट काम आहे कारण दर वेळी नंबर बदलतात, आपल्या शाळेचा नंबर एका निवडणुकीत एक आणि पुढच्याला दुसराच, मग शेजारच्या गावांवरून माग काढत जावं लागतं. त्यात २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, कराड लोकसभा मतदारसंघ गेला, आपण सातारा लोकसभेत आलो आणि विधानसभेला कराड तालुक्यातलं सुपने मंडल आपल्याला जोडलेलं. म्हणजे जुने आकडे नव्याला सरळ लावताच येत नाहीत.

पण तालुक्याचा इतिहास काय पीडीएफ बघून कळायला नको, तो कट्ट्यावर बसणाऱ्या कुणालाही तोंडपाठ आहे. १९५२ ला पहिली निवडणूक झाली तेव्हापासून इथं दोनच घराणी. पहिल्यांदा बाळासाहेब देसाई, लोकनेते, मंत्रिमंडळात शिक्षण, बांधकाम, गृह, महसूल अशी एकेक मोठी खाती सांभाळलेला माणूस, ईबीसीची, म्हणजे गरीब घरच्या पोरांची फी माफी त्यांच्यामुळं म्हणून आमचे आजोबा नाव घेताना पाठ सरळ करून बसायचे. २३ एप्रिल १९८३ ला ते गेले. त्यानंतर विक्रमसिंह पाटणकर, ते पार २००४ पर्यंत. २००४ ला बाळासाहेबांचे नातू शंभूराज देसाई शिवसेनेकडनं निवडून आले. २००९ ला परत पाटणकर, राष्ट्रवादीकडनं. २०१४ ला परत शंभूराज, समोर पाटणकरांचे चिरंजीव सत्यजितसिंह. २०१९ ला तेच दोघं. २०२४ ला परत तेच दोघं, फक्त या वेळी सत्यजितसिंह अपक्ष आणि शिवसेना दोन झालेल्या म्हणून उबाठाचे हर्षद कदम तिसरे. बाहेरचा माणूस पक्ष बघतो, आपल्याकडं पक्ष विचारत नाहीत, गट विचारतात. पोरगी बघायला गेलं तरी आधी गट.

आता हार-जितीतला मतांचा फरक बघा. २०१४ ला अठरा हजारांच्या वर, २०१९ ला चौदा हजारांच्या वर, २०२४ ला चौतीस हजारांच्या वर. आणि २००९ ला? ६०० च्याही आत. सहाशे! दोन खोऱ्यांतल्या चार वाड्या मिळून सहाशे मतं होतात. त्या २००९ नंच आपल्या मंडळाला, आणि तालुक्यातल्या सगळ्याच मुंबई मंडळांना, भाव आला असं माझं मत. तोपर्यंत मुंबईकर म्हणजे गणपती आणि जत्रेला येणारी माणसं. त्यानंतर मुंबईकर म्हणजे मतं.

मी सांगतोय कारण मी त्या गाडीत होतो. १३ ऑक्टोबर २००९, मंगळवार. दिवाळी चार दिवसांवर. मी तेव्हा वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात, रात्री दहाला कोपरखैरण्यात चौकात उभे राहिलो. गाडी कुणी लावली हे विचारायचं नसतं, वर्गणी काढलीये असं सांगितलं, वर्गणी कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही. पुढच्या सीटवर मंडळाचे दोघं, हातात यादी, टॉर्च लावून नावं घेत होते, ज्याचं नाव घेतलं त्यानं "हाय" म्हणायचं. लोणावळ्याला पोरं झोपली. खंबाटकी उतरताना कुणीतरी उठवून चहा पाजला, उंब्रजला वळलो तेव्हा चार वाजलेले. मल्हारपेठ, नवारस्ता, मग आत. गावात पोचलो तर अंधारच होता, धुकं, भातं कापणीला आलेली, त्या ओल्या भाताचा वास आला आणि खरं सांगतो तात्या, मला रडायला आलं, वर्षातनं दोनदा यायचो मी. आईनं दार उघडलं. म्हणाली, "आलास? किती दिवस हायस?" मी म्हटलं, "मत टाकायचं आणि दुपारच्याला निघायचं." दिवाळीत मार्केटला माल लई, सुट्टी नव्हती. तिनं रात्रीच भाकरी करून ठेवली होती, कारण गाडी येणार हे तिला माझ्याआधी कळलेलं.

मत कुणाला टाकलं? मला सांगितलं त्याला. मला काय माहिती होतं तेव्हा गावातलं? नळाला पाणी येतंय का नाही, मास्तर येतोय का नाही, काहीच नाही. तेरा वर्षं झाली होती गाव सोडून. लाईनीत उभा राहिलो, शाई लावली, बटण दाबलं, जेवलो, निघालो. आणि माझ्या आईनं मात्र त्या आकड्याखाली पुढची पाच वर्षं काढली.

हा आकडा पहिल्यांदा असा गावागावाचा कळत नव्हता, किंवा निदान कागदावर तरी मिळत नव्हता. कागदी मतपत्रिकेच्या काळात निवडणूक आयोगाला मोजणीआधी बऱ्याच पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायची मुभा होती, म्हणजे कुठल्या वाडीनं कुणाला दिलं हे हुडकता येऊ नये. २००४ पासून सगळीकडं मशीन आलं. मशीन बूथचं, बेरीज बूथची. चारशे-पाचशे मतांचं गाव, एक मशीन, लपणार काय? मिसळून मोजायचं यंत्र, टोटलायझर, त्याचा प्रस्ताव आयोगानं दिलेला, विधी आयोगानंही २०१५ च्या २५५ व्या अहवालात करा म्हणून सांगितलं, पण ते झालं नाही. त्यामुळं निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाईलवर आपल्या गावाची कुंडली येते. मत गुप्त, गाव उघडं. आणि ती कुंडली कुणाच्या नावावर लागते? कोपरखैरण्याच्या नाही. शाळेच्या त्या खोलीच्या, म्हणजे आमच्या.

आता तुम्ही म्हणाल हा लई शहाणा झाला, चार वर्षं गावात राहिला तर. तसं नाही. लोक मुंबईला का गेले हे मला कुणी शिकवायची गरज नाही. कोयनेचं धरण झालं, खालची जमीन पाण्यात, वरची डोंगर, नाचणी-वरी किती खाणार. काहींना सोलापूर, रायगड, ठाणे असं कुठं कुठं नेऊन टाकलं आणि त्यांचं पुनर्वसन अजून चाललंयच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानं घरं पडली. मागनं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, जमिनी गेल्या, आता पंखे फिरताना बघायचे. अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प. माणूस जाणारच. आणि मुंबईत आपल्या माणसाला उभं राहायला जागा मिळाली ती मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांमुळं, १९६९ चा माथाडी कायदा झाला म्हणून पाठीवर पोती वाहणाऱ्याला फंड आणि बोनस कळला. गावकीच्या खोलीत मी अकरा वर्षं काढलीत, बावीस जण, एक मोरी, झोपायला पाळी. ती खोली नसती तर मी कुठं गेलो असतो? मंडळाचे उपकार मी विसरलेलो नाही आणि जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी आल्या, आपल्याकडंबी रस्ता तुटला, तेव्हा टेम्पो भरून किराणा, ताडपत्र्या, सोलरचे दिवे कुणी पाठवले? तुम्हीच. देवळाचा कळस तुमचा, शाळेचा प्रोजेक्टर तुमचा. (प्रोजेक्टर बंद आहे, मास्तर म्हणतात बल्ब गेलाय.)

पण टेम्पो पाठवणं निराळं आणि ठराव पाठवणं निराळं.

२०२४ ला मी बूथवर एजंट होतो. आदल्या रात्री यादी घेऊन बसलो, पेन्सिल हातात. ज्याचं त्याचं नाव वाचायचं आणि पुढं खूण करायची, इथं राहतो त्याला बरोबरची खूण, वारला असेल तर फुली, मुंबईला असेल तर "मुं". एजंट लोकांची ही पद्धत जुनीच, मी काय नवीन शोधलेली नाही. पहिल्या पानावर दोन-तीन "मुं". दुसऱ्या पानावर पाच-सहा. पुढं पुढं असं व्हायला लागलं की "मुं" लिहून पेन्सिल बोथट, आणि बरोबरची खूण सापडली की बरं वाटायचं. एका घरात नऊ मतं, आठ मुं, एक म्हातारी. तिच्या शेजारी सात, सातही मुं, घराला कुलूप, अंगणात तरवड उगवलाय. मी आकडा सांगत नाही, ज्याला बघायचाय त्यानं यावं, यादी माझ्याकडं आहे, पण एवढं सांगतो की इथं राहणाऱ्यांनी सगळ्यांनी एका बाजूला दिलं असतं तरी तुम्ही मनात आणलं तर ते पालटू शकत होतात. आणि तुम्ही मनात आणलंच. २० नोव्हेंबरला बुधवार होता, दिवाळी होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते, दिवाळीला येऊन परत गेलेली माणसं पुन्हा रात्रभर प्रवास करून आली. म्हातारीला दवाखान्यात न्यायचं म्हणून फोन केला तर रजा मिळत नाही म्हणणारी माणसंसुद्धा त्यात होती, नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

आणि नुसती स्वतःची मतं टाकली असती तरी एक वेळ. फोन! मतदानाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरात फोन. मी एका घरी चिठ्ठ्या वाटायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. वहिनी चुलीपुढं, फोन स्पीकरवर करून पाटावर ठेवलेला, कारण हात पिठाचे. पलीकडनं भाऊ बोलतोय घणसोलीतनं, "मंडळात ठरलंय, अमक्याला द्यायचं, आईला पण सांग, काकूला पण सांग, नाव घेऊन समजावून सांग, चिन्ह दाखव." वहिनी "हं, हं" करत भाकरी थापतीये. फोन बंद झाला. मी म्हटलं, मग काय वहिनी? म्हणाली, "बटण काय ते दाबणार हायेत का? बटणापाशी मी एकटीच असते." आणि हसली. पण सगळ्याच अशा नसतात. काहींना खरंच भीती असते की मशीनमधनं कळतं. काहींचा महिन्याचा पैसा घणसोलीतनं येतो. त्यांनी काय करायचं? शेत त्या करतात, ढोरं त्या बघतात, ग्रामसभेला सही त्यांची, टँकरपुढं भांडण त्यांचं, आणि मताचं तेवढं मंडळात ठरतं जिथं एकाही बाईला बसायला खुर्ची नाही. बरोबर आहे का हे?

२०१९ ची एक गंमत आठवून बघा. २१ ऑक्टोबरला एकाच दिवशी दोन मशीनं होती, एक विधानसभेचं आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. साताऱ्याच्या सभेत पवारसाहेब पावसात भिजले ती निवडणूक. विधानसभेला तालुक्यातनं शंभूराज शिवसेनेचे, आणि लोकसभेला आपल्याच तालुक्यातले मारुल हवेलीचे श्रीनिवास पाटील राष्ट्रवादीचे निवडून आले. मंडळाचा निरोप आला होता तो एकाच मशीनचा, दुसऱ्याचं काय करायचं ते सांगायला विसरलात. मग त्या दुसऱ्या मशीनवर लोकांनी आपापलं डोकं चालवलं. त्या दिवशी कट्ट्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी मी आयुष्यात ऐकली नाही, पोरं म्हाताऱ्यांशी भांडत होती, एक आजोबा तर म्हणाले, "आज पयल्यांदा मत टाकल्यागत वाटलं."

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण तहसीलला चार चकरा मारून आणि एका ओळखीच्या नायब तहसीलदारांचं डोकं खाऊन जे कळलं ते सांगतो. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्यात एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच पाहिजे. कुठं? तर जिथं तो साधारणपणे राहतो तिथं. नुसतं गावात स्वतःचं घर आहे एवढ्यानं तो तिथं राहतो असं धरत नाहीत, हे कायद्यातच लिहिलंय. खोटं लिहून नाव लावलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं मतदारांना फुकट गाडी करून बूथवर आणलं तर तो १९५१ च्या कायद्यात भ्रष्ट आचार, निवडून आलेल्याची निवड जाऊ शकते. म्हणजे गाडी कुणाची हे विचारायचं नसतं ते का, हे मला पंधरा वर्षांनी कळलं.

मी धुतल्या तांदळाचा नाही. माझं नाव दोन्हीकडं होतं. नवी मुंबई महापालिकेला तिकडं मत टाकलं, गावच्या ग्रामपंचायतीला इकडं. तारखा वेगळ्या, शाई तोपर्यंत जाते, कुणाला काय कळतंय. लई जणांची आहेत अशी, मंडळातले तर कितीतरी. २०२० ला लॉकडाऊनमध्ये मार्केट बंद पडलं, बिऱ्हाड घेऊन आलो, चौदा दिवस शाळेत क्वारंटाईन झालो (बाहेरनं भाकरीचं गाठोडं ठेवून लांब उभं राहणारी चुलती तीच, डेअरीवरची), आणि मग परत गेलोच नाही. त्यानंतर तिकडचं नाव कमी करायला नमुना ७ भरला. बायकोचं राहिलं होतं, तेही केलं.

मला कळतं तुम्ही नाव का ठेवता. मतं नाहीत, कागद आहे तो. गावच्या यादीत नाव आहे म्हणजे मी इथला. उद्या भावकीत वाटणी झाली, घरकुल आलं, पोराला दाखला काढायचा झाला, कुणी म्हणालं तू इथला कोण, तर दाखवायला काहीतरी पाहिजे. माझ्या बापानं नायगावला मरताना सुद्धा विचारलं होतं की गावच्या यादीत माझं नाव आहे ना रे. त्याला मतदानाची काय पडली होती? पण दाखला हा जुन्या महसुली आणि शाळेच्या कागदावर निघतो, वाटणी सातबाऱ्यावर होते, मतदार यादीनं यातलं काही होत नाही आणि काही जातही नाही. आणि गावकीचं म्हणाल तर मी आणि गावातले बाकीचे पंचवीस-तीस जण या पत्राला साक्षी आहोत, यादीतनं नाव गेलं म्हणून कुणाची गावकी जाणार नाही, पालखी दारात येईल, जत्रेचा नारळ मिळेल, मेल्यावर खांदा मिळेल. हे पाहिजे तर गावकीच्या वहीत लिहून देतो.

मग आमचं मागणं काय? ज्यांची नावं दोन्हीकडं आहेत त्यांनी आधी कुठलं तरी एक ठेवा, कुठलंही, पण एक. जे कायमचे तिकडं झालेत, ज्यांच्या पोरांना गावची वाट सांगावी लागते, त्यांनी नमुना ८ भरून नाव तिकडं नेण्याचा विचार करा, ऑनलाईन होतं, मी फोनवर करून देतो. तिकडं कोपरखैरण्यात गटार तुंबतं तेव्हा तुमचा नगरसेवक तुम्हाला विचारत नाही कारण तुमचं मत त्याच्या यादीतच नाही, हा पण तोटा तुमचाच चाललाय की. आणि ज्यांची नावं राहतील त्यांनी या, हक्कानं या, स्वतःच्या तिकिटानं या. मतदानाला भरपगारी सुट्टी द्यायचा कायदा आहे, सेठला सांगा. पण ठराव घेऊन येऊ नका. ठरवायचंच असेल तर आधी गावात बसू, समाजमंदिरात, बायकांसकट. रस्ता, पाणी, मास्तर, रानडुकरं, गवे, सगळं ऐका, मग ज्याला जे वाटेल ते ज्यानं त्यानं करावं.

आयोगानं मध्यंतरी एक यंत्र काढलं होतं, जिथं राहतोय तिथनंच आपल्या गावचं मत टाकता येईल असं, जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलेलं, विरोधी पक्षांनी नको म्हटलं. यंत्र येणार म्हटल्यावर ग्रुपवर लई जण खूष झाले होते. मला तेव्हाच वाटलं की बरं झालं नाही आलं. निदान आत्ता तुम्हाला एक रात्र तरी गाडीत बसावं लागतं, वरच्या वाडीच्या रस्त्यावर हादरे खावे लागतात.

त्या कार्यकर्त्याला मी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. काही दिलं नाही. फॅटचं मशीन बीप वाजलं, मी पावती फाडली, चुलतीला दिली. तो गेल्यावर ती म्हणाली, "त्याला सांगायचं न्हाईस का, ती मतं आमची न्हवती म्हणून?" मी म्हटलं कसं सांगणार, मशीनवर गावाचं नाव आहे. ती म्हणाली, "मग ज्यांची हायेत त्यांना सांग." म्हणून हे लिहिलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता समाजमंदिरात बसायचं धरलंय. यादीची झेरॉक्स काढून ठेवलीये, "मुं" खुणांसकट, कुणाची खूण चुकली असेल तर खोडरबर पण आहे. चिडून येणारं आलं तरी चालेल, पण या. येताना आण्णांनी समाजमंदिराच्या पत्र्याचे राहिलेले पैसे आणावेत, पावसाळ्याच्या आधी पत्रे घातले नाहीत तर बसायलाही जागा नाही. आणि प्रोजेक्टरचा बल्ब. मॉडेल नंबर ग्रुपवर टाकतो, तेवढा डिलीट करू नका.

तुमचाच,
डेअरीवाला